कादंबऱ्यांतली राणी आणि फायलीतली राणी

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझी मुलगी नववीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि तिच्या वाट्याला विषय आला होता 'झाशीची राणी'. आमच्या लहानपणी भाषणं बाबा लिहून द्यायचे, ती परंपरा मीही चालवली. घोडा, पाठीशी बांधलेलं मूल, हातात तलवार, किल्ल्यावरून उडी... सगळं व्यवस्थित घातलं. दोन पानं झाली. मुलीने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, राणीने इंग्रजांना कितीतरी अर्ज केले होते, पत्रं लिहिली होती, असं मी नेटवर वाचलं. मग ती लढणारी होती की अर्ज करणारी?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कला शाखेचा पदवीधर, इतिहास हा आवडीचा विषय, आणि तरी उत्तर देता आलं नाही. भाषण होतं तसंच तिने म्हटलं. बक्षीस काही मिळालं नाही. पण तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत लक्ष्मीबाईंवरच्या ज्या कादंबऱ्या हाती लागल्या त्या वाचून काढल्या. काही वाचनालयातून आणल्या, काही मागवल्या, काही पूर्वी वाचलेल्या पुन्हा वाचल्या. त्यातून जे सुचलं ते इथं मांडतो आहे.

प्रथम एक गंमत सांगतो. राणी मराठी घरातली. माहेर तांब्यांचं, कऱ्हाडे ब्राह्मणांचं. सासर नेवाळकरांचं, मूळचे रत्नागिरीकडचे. जन्म काशीचा, बालपण बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाला. पण राणीवरची सर्वांत गाजलेली कादंबरी मराठीत नाही, ती हिंदीत आहे. आपल्याकडे १९६२ साली 'स्वामी' आली आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांचा पूर लोटला, पण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला 'स्वामी'सारखं भाग्य काही आलं नाही. नाटक आलं, कुसुमाग्रजांचं. कविता आली, ग्वाल्हेरच्या भा. रा. तांब्यांची, राणीच्या समाधीवरची, जी आपण सगळ्यांनी शाळेत घोकली. मराठीने राणीला खरं काय दिलं असेल तर ते म्हणजे मूळ ऐवज. दोन पुस्तकं. एक दत्तात्रय बळवंत पारसनीसांचं १८९४ सालचं चरित्र आणि दुसरं विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 'माझा प्रवास'. ही दोन नसती तर पुढच्या कादंबरीकारांची बरीच पंचाईत झाली असती.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज झालेलं, म्हणून दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. घरी परतल्यावर पंचवीसेक वर्षांनी त्यांनी आठवणी लिहून काढल्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी त्या प्रसिद्ध केल्या, पण काटछाट आणि फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. म्हणजे राणीला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं लिखाण जसंच्या तसं वाचायला मराठी वाचकाला एकशे आठ वर्षं थांबावं लागलं!

आता कादंबऱ्यांकडे वळू.

राणीवर पहिल्यांदा कादंबऱ्या लिहिल्या त्या इंग्रजांनी. 'गिलियन' या टोपणनावाने १८८७ साली आलेल्या 'द राणी' या कादंबरीत ती विलासी आणि कपटी बाई आहे. १९०१ साली मायकेल व्हाइट या लेखकाने तिला थेट हिंदुस्थानची जोन ऑफ आर्क करून टाकलं. चौदा वर्षांत कलंकिनीची संत झाली, दोन्ही वेळा कर्ते साहेबच. पुढे १९५१ साली जॉन मास्टर्सची 'नाइटरनर्स ऑफ बेंगॉल' आली. तिच्यात झाशी नाही, किशनपूर आहे, आणि लक्ष्मीबाई नाही, सुमित्रा राणी आहे. पण साचा कुठला ते लपत नाही. ही राणी नवऱ्याचा खून करते, बंडाचा कट रचते आणि एका गोऱ्या कॅप्टनवर भाळते. १९७५ साली जॉर्ज मॅक्डोनाल्ड फ्रेझरने आपला तो बढाईखोर, भित्रा फ्लॅशमन झाशीला पाठवला. विनोदी अंगाची कादंबरी आहे, मागच्या टिपा अभ्यासू आहेत, पण तिथंही साहेबाला राणीच्या महालात शिरायचा मोह आवरत नाही.

हे सगळं वाचताना राग येतोच, नाही असं नाही. पण रागापलीकडे एक गोष्ट लक्षात येते. या कादंबरीकारांना ही बाई का लढली हेच कळत नाही. कायद्याने आपलं होतं ते गेलं म्हणून एक विधवा उभी राहिली, हे मान्य केलं तर डलहौसी चोर ठरतो. मग कुठलं तरी दुसरं कारण शोधायला हवं. वासना हे त्यांना सर्वांत सोपं कारण वाटलं.

जयश्री मिश्रा यांची 'राणी' ही इंग्रजी कादंबरी २००७ साली आली. लेखिका भारतीय, राणीबद्दल आदरही भरपूर. पण मेजर एलिस या पोलिटिकल एजंटाबद्दल राणीच्या मनात हळवा कोपरा होता असं त्यांनी रंगवलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. बंदी मला पटत नाही. कादंबरी चुकली तर चुकली म्हणून लिहावं, बंदी कसली? मात्र चूक कुठं झाली ते सांगतो. खरा एलिस हा राणीच्या दत्तकाच्या बाजूने वरिष्ठांना लिहिणारा अधिकारी होता. ओरछाला दत्तक मान्य करता, मग झाशीला का नाही, असा त्याचा सरळ प्रश्न होता. आपल्याच सरकारला न पटणारं टिपण लिहिणारा अधिकारी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे कचेरीत काम करणाऱ्यालाच समजेल. त्यात प्रेम घातल्यावर त्या टिपणाची किंमत कमी होते. मग तो न्यायाने वागला असं उरत नाही, जीव जडला म्हणून वागला असं होतं.

आता वृंदावनलाल वर्मा. त्यांची 'झाँसी की रानी लक्ष्मीबाई' १९४६ साली आली. वर्मा झाशीत वकिली करत. त्यांचे पूर्वज राणीच्या बाजूने लढले होते आणि लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी राणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. पुढे पारसनीसांचं चरित्र वाचलं आणि ते अस्वस्थ झाले. कारण पारसनीसांची राणी ही इंग्रजांशी इमान राखणारी, नाइलाजाने शस्त्र उचललेली राणी आहे. घरातल्या गोष्टींतली राणी तशी नव्हती. वर्मांनी जुने कागद पाहिले, वृद्धांच्या आठवणी गोळा केल्या आणि निष्कर्ष काढला की राणी पहिल्यापासून स्वराज्यासाठीच लढत होती.

कादंबरी वाचनीय आहे यात शंका नाही. सुंदर, मुंदर, काशीबाई, जुही, मोतीबाई या राणीच्या सख्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आणि झलकारी! कोरी समाजातली ही बाई आज उत्तरेत घरोघर माहीत आहे, २००१ साली तिचं टपाल तिकीट निघालं, मोहनदास नैमिशराय यांनी २००३ साली तिच्यावर स्वतंत्र कादंबरी लिहिली. या सगळ्यात वर्मांच्या कादंबरीचा वाटा मोठा आहे. नुसत्या राण्या इतिहास घडवत नाहीत, हे त्यांनी १९४६ सालीच दाखवलं.

पण सालही विसरू नये. १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी राणी झाशी रेजिमेंट उभी केली होती. आझाद हिंद सेनेवरचे खटले नुकतेच गाजले होते. वर्मांची राणी बायकांना कवायत शिकवते तेव्हा मागे १८५७ आहे तितकंच १९४६ आहे.

वर्मांची आणि पारसनीसांची राणी शेजारी ठेवली की साधा वयाचा प्रश्नही किती अवघड आहे ते कळतं. पारसनीस जन्म १८३५ चा देतात. दुसरं मत १८२८ चं. लग्न १८४२ सालचं. म्हणजे नवरी एक तर सात वर्षांची, नाही तर चौदाची. नानासाहेब पेशव्यांचा जन्म १८२४ चा. १८३५ खरं मानलं तर मनू सात वर्षांची होऊन सासरी गेली तेव्हा नाना अठरा वर्षांचे होते. मग बरोबरीने घोडा फेकणं, हत्तीवर बसायचा हट्ट, हे आपल्या सगळ्यांचे आवडते प्रसंग बसतात कुठे? ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील जॉन लँग १८५४ साली राणीला भेटला, त्याने तिचं वय सव्वीस-सत्तावीस दिलं आहे. ते १८२८ ला जुळतं. पण तेवीस वर्षांची राणी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की तिशीला टेकलेली, मूल गमावलेली, नवरा गमावलेली, राज्यकारभार समजलेली बाई आपल्याला रुचत नाही. मला विचाराल तर तीच जास्त मोठी वाटते.

तिसरं पुस्तक महाश्वेतादेवींचं 'झाँसीर रानी'. १९५६ चं, त्यांचं पहिलंच पुस्तक. वय तीस, घरी लहान मुलगा. त्याला मागे ठेवून ही बाई झाशी, ग्वाल्हेरकडे हिंडली. राणीच्या माहेरच्या तांबे घराण्यातल्यांना भेटली, गाणी आणि आख्यायिका गोळा केल्या. याला चरित्र म्हणावं की कादंबरी, असा प्रश्न नेहमी पडतो. कागद आणि लोकगीत यांना त्या एकाच पंगतीत बसवतात. कागद असं म्हणतो, गावातली म्हातारी असं म्हणते, दोन्ही ऐका. त्यांची राणी म्हणूनच मला सर्वांत जवळची वाटली. ती पुतळा होत नाही.

गंगाधररावांचं काय, हाही एक कस आहे. बहुतेक लेखकांना या नवऱ्याचं काय करावं ते कळत नाही. तापट, नाटकाचा नादी, स्वतः स्त्रीभूमिका करणारा राजा. गोडसे तर सांगतात की तो कधी कधी स्त्रीवेष करून बसे, आणि इंग्रज अधिकाऱ्याने विचारल्यावर, तुमच्या अमलाखाली आम्ही सगळ्यांनी बांगड्याच भरल्या आहेत, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. आख्यायिका असेल, पण काय उत्तर आहे! इंग्रजी कादंबरीकार यात विकृती शोधतात, आपले काही लेखक हा भाग घाईघाईने ओलांडतात. आम्हा गोंयकारांना मात्र यात धक्का बसण्यासारखं काहीच नाही. जत्रेतल्या, काल्यातल्या उत्सवी नाटकांत पुरुषांनी लुगडं नेसून उभं राहणं आपल्या वाडवडिलांनी पाहिलेलं आहे. माझे बाबा तरुणपणी स्त्रीपार्टी करायचे. मिशी काढावी लागते म्हणून नोकरीच्या ठिकाणी थट्टा व्हायची, पण देवळासमोर ते उभे राहिले की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. गंगाधररावांना समजून घ्यायचं तर असा एखादा माणूस घरात पाहिलेला असावा लागतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्या दिवशी दत्तक घेतलेला. नेवाळकरांशी कंपनीचा १८१७ चा करार, त्यात वारसांचा हक्क मान्य केलेला. राणीने त्याच्या आधारावर गव्हर्नर जनरलला खलिते पाठवायला सुरुवात केली. दतिया, जालौन, ओरछा इथं दत्तक मान्य झाल्याचे दाखले दिले. सगळं नियमाला धरून, मुद्देसूद. तरी १८५४ च्या मार्चमध्ये झाशी खालसा झाली. महिना पाच हजारांचं पेन्शन ठरलं, आणि त्यातूनच नवऱ्याची कर्जं वळती करायची गोष्ट निघाली. महालक्ष्मीच्या देवळाला लावून दिलेली गावं काढून घेतली. दामोदरच्या मुंजीसाठी त्याच्याच ठेवीतले एक लाख रुपये मागितले तर सरकारने जामीन मागितले. आपल्या मुलाच्या मुंजीला, आपल्याच पैशाला, जामीन! आणि 'माझी झाशी देणार नाही' या अर्थाचे ते प्रसिद्ध उद्गार? लँगने ते नोंदवले आहेत १८५४ च्या भेटीत. रणांगणावर नाही, वकिलाबरोबरच्या सल्लामसलतीत, पडद्याआडून. लँगने सल्ला दिला तो पेन्शन निषेधासह स्वीकारा आणि दाद मागत राहा, असा.

मग १८५७ चा जून. झोकनबागेत साठच्या आसपास इंग्रज, त्यात बायका-मुलं, मारली गेली. राणीने लगेच सागरचा कमिशनर अर्स्किन याला दोन पत्रं पाठवली, शिपायांनी आपल्याकडूनही पैसे उकळल्याचं कळवलं. अर्स्किनने उत्तरी जिल्ह्याचा कारभार तुम्हीच पाहा असं लिहिलं. ओरछाची फौज चालून आली तेव्हा राणीने ती परतवली, आणि १८५८ च्या जानेवारीपर्यंत तिची पत्रं जात होती. उत्तरं यायची बंद झाली होती. मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या तोफाच आल्या.

बहुतेक कादंबऱ्यांना ही सव्वाचार वर्षं नको असतात. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज यात नाट्य कुठलं? वर्मा त्या पत्रांमागे मुत्सद्देगिरी पाहतात, पारसनीस इमान पाहतात. १८८९ साली मार्टिन नावाच्या इंग्रजाने दामोदररावांना लिहिलेल्या पत्रात राणीचा कत्तलीत हात नव्हता असं म्हटलं आहे, ते पारसनीसांनी मुद्दाम छापलं. दोघांनाही वाटतं की पत्रं खरी असतील तर राणीचं शौर्य उणं होईल, म्हणून दोघे आपापल्या परीने त्यांची बाजू मांडत बसतात.

माझा अनुभव वेगळा सांगतो. बाबा गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनचं प्रकरण एका खात्यात चार वर्षं अडकलं होतं. नावातल्या एका अक्षराचा फरक. मी स्वतः कारकून, तरी अर्जावर अर्ज मीच लिहीत होतो. आई प्रत्येक अर्जावर चष्मा लावून, सावकाश, घोटून सही करायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, सोड आता. भीक मागितल्यासारखं वाटतं." ती म्हणाली, "भीक कसली रे? जे आपलं आहे ते आपलं म्हणून लिहून ठेवायला नको?" पाचव्या वर्षी प्रकरण सुटलं. आईच्या त्या सह्यांना मी कधी दुबळेपणा म्हणणार नाही. फायलीत आपली बाजू राहिली म्हणूनच पुढे कुणीतरी न्याय करू शकला.

राणीच्या बाबतीत न्याय करणारं कुणी नव्हतं एवढाच फरक. पण तिचे खलिते राहिले. आज १८१७ चा करार, एलिसचं टिपण आणि राणीचे खलिते शेजारी ठेवून कुणीही वाचावं आणि ठरवावं चोर कोण. तलवारीने हे सिद्ध झालं नसतं. तलवारीने ती शूर होती हे सिद्ध झालं, आणि ते तर खुद्द ह्यू रोजनेच मान्य केलं. ती खरी होती हे मात्र अर्जांनी सिद्ध केलं.

शेवटी पुन्हा गोडसे भटजी. काल्पीच्या लढाईनंतर वाटेत एका विहिरीवर त्यांना राणी भेटली. पुरुषी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने जीव कासावीस. भटजी पाणी काढायला पुढे झाले तर तिने थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मला पाणी काढून देऊ नका, मीच काढते, म्हणाली आणि मातीच्या मडक्याने स्वतः पाणी ओढून ओंजळीने प्यायली. मग बोलली की माझ्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, पण धर्माच्या अभिमानासाठी हे पत्करलं, आणि यश नशिबी नाही. त्यानंतर महिन्याभरात, १७ की १८ जून १८५८ यावर अजून वाद आहे, ग्वाल्हेरला ती पडली. दामोदरराव पुढे इंदूरला राहिले आणि १९०६ साली वारले.

विहिरीवरचा हा प्रसंग कुठल्याही कादंबरीकाराच्या कल्पनेतला नाही, आणि इतक्या कादंबऱ्या वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिला तो हाच. ती हरलेली आहे, हे तिला माहीत आहे, आणि तरी पाणी स्वतः ओढते आहे.

परवा मुलीला जेवताना म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ती लढणारी होती आणि अर्ज करणारीही होती. आधी चार वर्षं कागदावर लढली, कागदावर कुणी ऐकलं नाही तेव्हा घोड्यावर बसली. मुलगी म्हणाली, "मग हे भाषणात का नाही लिहिलंत?"

पुढच्या वर्षी लिहीन म्हटलं. नाही, तिलाच लिहायला सांगेन. तोवर 'माझा प्रवास' तिच्या टेबलावर ठेवून दिलं आहे. तुमच्याही घरात नववी-दहावीतलं कुणी असेल तर तुम्हीही ठेवा.